साडीला कात्री लावण्यापूर्वी
लग्नाचा बस्ता, डोहाळजेवण, वास्तुशांत, निवृत्तीचा समारंभ. मराठी घरांत साड्या अशा वाटांनी येत राहतात. त्यातल्या बऱ्याच दुसऱ्याच्या आवडीने घेतलेल्या असतात. रंग शोभत नाही, काठ अंगावर मोठा वाटतो, आणि फॉल-पिको होण्याआधीच साडी कपाटाच्या तळाशी जाते. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम शेवटी त्या घडीच्या रेघेवरच विरतं. नुसती ठेवली म्हणून साडी टिकते, हा समज खरा नाही.

म्हणूनच अशा साडीचा कुर्ता, घागरा किंवा जाकीट शिवून घेण्याची सध्याची हौस मनापासून स्वागत करावं अशी आहे. मात्र बहुतेक जण आधी मोबाइलवरचा फोटो पसंत करतात आणि मग त्यात साडी बसवायला जातात. क्रम उलटा हवा. काय शिवायचं ते कापडाला ठरवू द्यावं.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते आणि तिचा पन्हा 45 इंचांच्या आसपास. काठ लांबीच्या दोन्ही कडांना, पदर एका टोकाला. शिवणाऱ्याचं सगळं गणित इथेच ठरतं. कुर्त्याच्या घेराला काठ हवा असेल तर कापड आडवं धरावं लागतं, म्हणजे साडीचा पन्हा हीच कुर्त्याची उंची होते. खाली दुमड घालावी लागत नाही, कारण काठ ही तयार कडच असते. वरचा काठ गळ्या-खांद्यांच्या कापात वाया जाऊ नये म्हणून तो आधीच वेगळा करून बाह्यांना लावतात. गुडघ्यापर्यंतचा कुर्ता यात आरामात बसतो. घोट्यापर्यंतचा अनारकली मात्र छातीखाली किंवा कमरेवर जोड दिल्याशिवाय होत नाही. उभ्या कापात काठ समोर गळ्यापासून खाली पट्टीसारखा उतरतो, आणि जाकिटाला तो फार देखणा दिसतो.

सगळ्यात सोपा अर्थातच परकर. त्यात कापायचं जवळजवळ काहीच नसतं. मुलीसाठी शिवताना जादा उंची कापून न टाकता आत आडव्या दुमडी घालून टीप मारली, तर ती वाढेल तशा त्या सोडता येतात. सहावारीतून शिवलेली नऊवारीही हल्ली अनेक जणी करून घेतात. नेसताना एकावर एक येणारं कापड शिवणीत वाचतं, म्हणून ते जमतं. जुन्या मऊ लुगड्यांची झबली, दुपटी आणि कुंच्या शिवणाऱ्या घरांना ही काटकसर ठाऊकच होती. नवा प्रश्न आहे तो न वापरलेल्या, जरीच्या, महागड्या कापडाचा.

तिथे आधी उलटी बाजू पाहावी. येवल्याच्या हातमागावरच्या पैठणीत पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. धड अवस्थेतल्या अशा पैठणीला कात्री लावूच नये. ती नेसणारी दुसरी कुणी घरात, नात्यात शोधावी. 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं हे विणकाम महिनोन् महिने मागावर बसून होतं. यंत्रमागावरच्या साडीला मागे सुटे धागे असतात. ती खुशाल कापावी, पण बुट्ट्यांचे धागे निसटू नयेत म्हणून कापण्याआधी मागून पातळ फ्युजिंग मंद इस्त्रीने चिकटवून घ्यावं.

इरकलीची गोष्ट वेगळी. पारंपरिक सुती इरकलीत अंग सुती आणि पदर रेशमी असतो, आणि दोन्हींचे ताणे धाग्यांच्या फासांनी एकमेकांना जोडलेले असतात. हा जोड कुर्त्याच्या मधोमध आणला तर धुतल्यावर एक बाजू आटते, दुसरी नाही. म्हणून पदराची ओढणी करावी आणि अंगाचा कुर्ता. लाल काठ रंग सोडतो का, हे ओला पांढरा रुमाल दाबून आधीच तपासावं.

कोणतीही साडी असो, ती उजेडासमोर धरावी आणि घडीच्या रेघेपाशी दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून पाहावी. धागा सरकत असेल तर अंगाबरोबरचा कपडा विसरावा. पूर्ण अस्तराचं सैल जाकीट चालेल. अस्तराचं सुती कापड आधी पाण्यात भिजवून वाळवावं, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटून वरच्या रेशमाला चुण्या पडतात. टाचण्या फक्त शिवणीच्या मायेत टोचाव्यात, कारण रेशमात पडलेलं भोक बुजत नाही. आणि मापाबद्दल शंका असेल तर पहिला कपडा मांजरपाटाचा बेतावा. शंभर-दोनशे रुपयांच्या मांजरपाटावर चूक झाली तर रडू येत नाही.

अंग पार विरलं असलं, तरी काठ बहुतेक वेळा धड राहतो. काठ विणूनच आलेला असतो, त्यामुळे तो उसवता येत नाही. त्याला लागून अर्धा इंच अंगाचं कापड ठेवून तो कापावा, ते कापड आत दुमडावं आणि साध्या सुती कुर्त्याच्या बाह्यांना तो हाताने बारीक टाके घालून बसवावा. मशीनच्या सुईखाली जरीची तार तुटण्याची भीती असते.