डहाणूचे घर : भावाआधी भूमी पाहावी

चिकूच्या वाडीलगतचे टुमदार घर, जवळच समुद्रकिनारा आणि मुंबईच्या मानाने आवाक्यातली किंमत, असे चित्र समोर आले की व्यापारी कुटुंबाच्या बैठकीत दोन मते लगेच पडतात. वडीलधाऱ्यांना उतारवयात मोकळी हवा हवी असते. तरुणांना गुंतवलेली रक्कम वाढावी असे वाटते. डहाणू या दोन्ही इच्छा पुरवील, असा सर्वांचा समज होतो. मात्र राहण्याचे घर आणि वाढत्या भावाचे घर हे दोन निरनिराळे सौदे आहेत. त्यांचा हिशेब एकाच खात्यात मांडला की फसगत होते.

भाव वाढण्याची कारणे खरी आहेत. १६ एप्रिल २०१३ पासून लोकल गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला किनाऱ्यावरील मच्छीमारांचा विरोध आहे, तर दलालांच्या तोंडी त्याचेच नाव आहे. तलासरीतून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो आणि गुजरातची सीमा तेथून हाकेच्या अंतरावर आहे.

परंतु बंदराच्या बातमीवरून विरार-नालासोपाऱ्यासारख्या वाढीची अपेक्षा धरणाऱ्याने १९९१ साल विसरू नये. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरला आणि उद्योगांसाठी कमाल ५०० एकरांची मर्यादा आली. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दीर्घकाळ त्याचे अध्यक्षपद भूषविले. ज्या हिरवाईच्या ओढीने ग्राहक येथे येतो, ती या निर्बंधांमुळेच टिकली आहे. निर्बंध राहिले तर भाव सावकाश चढेल. ते सैल झाले तर भाव चढेलही, पण ज्यासाठी घर घेतले ती वाडी उरेलच असे नाही.

दुसरा प्रश्न जमिनीच्या मालकीचा आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून बिगरआदिवासीला घेता येत नाही. नियम मोडून झालेला व्यवहार नंतर उघड झाला, तरी जमीन मूळ खातेदाराला परत मिळू शकते. या कायद्यामागे इतिहास आहे. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी येथे गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली शेतमजूर एकत्र आले, ते जमीनदार-सावकारांच्या वेठबिगारीविरुद्ध. तेव्हा कोणी ‘आदिवासीच्या नावावर ठेवू, ताबा तुमचा’ अशी पळवाट सुचवली, तर तो सौदा स्वस्त नसून अन्यायाचा आहे, हे ओळखून तेथूनच परतावे.

तिसरा प्रश्न भूमी स्थिर आहे का, हा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसरात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. लोकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. अशा ठिकाणी भिंतीचा रंग आणि फरशी पाहून घर पसंत करणे म्हणजे माल न उघडता पेटी विकत घेणे होय. इमारतीचा आराखडा भूकंपरोधक मानकांनुसार आहे का, हे बिल्डरच्या माणसाला न विचारता स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावे. जुने घर असेल तर तुळया आणि खांबांना गेलेल्या भेगा त्याच्याकडूनच पाहून घ्याव्यात.

कागदांची छाननीही तितकीच काटेकोर हवी. सातबारा, जुने फेरफार आणि बिगरशेती आदेश यांवरून किमान तीस वर्षांचा मालकीचा शोध वकिलाकडून घ्यावा. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असल्यास हस्तांतरणावर बंधन असते. प्रकल्प नवा असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. तयार घरासाठी भोगवटा प्रमाणपत्राचा आग्रह धरावा.

यानंतर उरतो रोजच्या जगण्याचा प्रश्न. चर्चगेट ते डहाणू रोड हे अंतर सुमारे १२४ किलोमीटर आहे. दुकान मुंबईत आणि घर डहाणूला असेल, तर चौविहार पाळणाऱ्याला संध्याकाळचा डबा गादीवरच उघडावा लागेल आणि मुलांची भेट रविवारपुरती उरेल. तलासरीत रेल्वे स्थानक नाही. तेथे राहायचे तर स्वतःचे वाहन हवेच. आजारपणात रात्री कोणत्या रुग्णालयात पोहोचता येईल आणि देरासर चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, हे ज्येष्ठांसाठी घर घेणाऱ्याने स्वतः रस्ता तुडवून पाहावे. एकदा भर पावसाळ्यात व एकदा वैशाखात, असे दोनदा जाऊन महिनाभर भाड्याने राहिल्यास पुष्कळ शंका आपोआप फिटतात.

ज्या कुटुंबाचा व्यवसाय याच पट्ट्यात आहे किंवा ज्यांना खरोखर येथे राहायचे आहे, त्यांच्यासाठी निर्मळ कागदांचे, भक्कम बांधणीचे घर डहाणूत जरूर घ्यावे. केवळ बंदराच्या बातमीवर दुकानाचे खेळते भांडवल अडकवणाऱ्याने मात्र थांबावे. पेढीवर माल घेताना विकण्याची घाई कोणाला आहे, हे अनुभवी व्यापारी आधी पाहतो. घर घेतानाही तीच नजर असू द्यावी.