आइसलँडला कधी जायचं? पेरणीआधी की महालक्ष्म्यांनंतर?

अकोला शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सव्वाचार लाखांवर गेली होती. आइसलँडमध्ये साऱ्या देशाची मिळून माणसं आहेत चार लाखांच्या आसपास. जमीन मात्र १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांपेक्षा थोडी जास्तच. त्यामुळे ‘पुढे काहीतरी भेटेलच’ या भरवशावर गाडी काढायची वऱ्हाडी सवय तिथे उपयोगाची नाही. तासभर गाडी चालवूनही चहाची टपरी सोडा, माणूस दिसेल याची खात्री नसते.

अनेकांनी हा देश पहिल्यांदा पाहिला तो २०१५च्या ‘दिलवाले’मधल्या ‘गेरुआ’ गाण्यात. त्यातलं काळ्या वाळूवरचं मोडकं विमान खरं आहे. १९७३मध्ये अमेरिकी नौदलाचं ते विमान सोल्हैमासांदुरच्या किनाऱ्यावर कसंबसं उतरलं. रस्त्यापासून तिथवर जाऊन यायला सात-आठ किलोमीटरची पायपीट आहे, वाटेत ना झाड ना आडोसा. जानेवारी २०२०मध्ये दोन परदेशी पर्यटकांनी याच वाटेवर जीव गमावला. गाण्यात पदर उडवणारं वारं गोड दिसतं. प्रत्यक्षात ते मोटारीचं दार उलटं फिरवून मोडतं, आणि असं नुकसान भाड्याच्या गाडीच्या विम्यात सहसा धरलेलं नसतं.

म्हणून जागांची यादी करण्याआधी महिना ठरवावा. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की अमरावती-अकोल्याची माणसं थंड हवेच्या वाटेला लागतात, हे रास्तच. पण मे ते जुलै आइसलँडमध्ये रात्र नीट काळोखी होतच नाही. २१ जूनच्या सुमारास राजधानी रेक्याविकमध्ये सूर्य मध्यरात्रीनंतर मावळतो आणि तीन वाजायच्या आत उगवतो. म्हणजे उत्तर ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे पडदे पाहायचे म्हणून मेमध्ये गेलेलं कुटुंब ते न पाहताच परतणार. त्यासाठी सप्टेंबर ते मार्च हा काळ हवा. डिसेंबरात दिवस जेमतेम चार तासांचा, रस्त्यावर बर्फ. गाडी स्वतः चालवणाऱ्याने तेव्हा जाऊच नये.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नोकरदार घरांना त्यामुळे जूनचे पहिले तीन आठवडे मिळतात. तेव्हा तिथे हवा दहा-बारा अंशांची, धबधबे भरलेले, कड्यांवर पफिन पक्षी. शेती असलेल्या घराला पेरणी सोडून निघणं अशक्यच. त्यांनी पोळा, गणपती आणि महालक्ष्म्यांचं जेवण उरकून, सोयाबीन काढणीला यायच्या आत सप्टेंबर गाठावा. तेव्हा दिवस-रात्र जवळपास सारखे असतात, रस्ते मोकळे असतात आणि आकाशातला प्रकाशही दिसू शकतो. हाच महिना सर्वांत चांगला म्हणायला हरकत नाही.

आइसलँड युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या शेंगेन गटात आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला बोटांचे ठसे स्वतः द्यावे लागतात, त्यामुळे घरादाराची मुंबईची एक चक्कर पक्की धरावी. अमरावतीहून अंबा एक्स्प्रेस आहेच. १६ एप्रिल २०२५पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमानही सुरू झालं. भारतातून थेट आइसलँडला जायची सोय मात्र टिकली नाही. वॉव एअरने डिसेंबर २०१८मध्ये दिल्लीहून विमानं सुरू केली, काही आठवड्यांत थांबवली आणि मार्च २०१९मध्ये कंपनीच बंद पडली. आता युरोपातल्या एखाद्या शहरात विमान बदलावं लागतं.

देशाला वळसा घालणारा रिंग रोड सुमारे १,३३० किलोमीटरचा आहे. आठवड्याभरात तो पुरा करायचा हट्ट म्हणजे काचेतून डोंगर पाहणं. त्यापेक्षा दक्षिणेकडचा भाग धरावा: थिंगवेलिर राष्ट्रीय उद्यान, स्ट्रोकुर हे दर काही मिनिटांनी उसळणारं गरम पाण्याचं कारंजं, साठ मीटरचा स्कोगाफोस धबधबा आणि शेवटी हिमनगांचं योकुलसारलोन सरोवर. जून २०२२मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. त्या रुंद रस्त्याची सवय लागलेल्या चालकाला तिथले एकपदरी पूल दचकवतात. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने, कमाल वेग ताशी ९०, दिवे दिवसाही चालू. डांबरी रस्ता सोडून माळावर गाडी घालणं हा गुन्हा आहे.

दक्षिणेच्याच वाटेवर रेनिसफ्याराच्या किनाऱ्यावरचे षटकोनी दगडी खांब बेसाल्टचे. चिखलदऱ्याचे कडेही बेसाल्टचेच. यवतमाळ जिल्ह्यातल्या शिबला-पार्डी भागात असेच खांब सापडले आहेत. वऱ्हाडचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावला, त्याची झीज होऊन कपाशीची काळी माती झाली. आइसलँडचा लाव्हा अजून वाहतो आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये ग्रिंडाविक हे गाव रिकामं करावं लागलं, डिसेंबरपासून त्याच्या आसपास वारंवार उद्रेक झाले आणि शेजारचं ब्लू लगून हे गरम पाण्याचं प्रसिद्ध स्नानकुंड कितीदा तरी बंद ठेवावं लागलं. तिथलं बुकिंग पैसे परत मिळण्याच्या अटीवरच करावं. रेनिसफ्याराला मात्र धोका समुद्राचा: शांत दिसणाऱ्या पाण्यातून अचानक मोठी लाट येते आणि माणसं ओढून नेते.

खाण्याचा खर्च विमानभाड्याशी स्पर्धा करतो. स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी, बोनुस या गुलाबी डुकराच्या चिन्हाच्या स्वस्त दुकानातून दूध-भाजी आणावी आणि घरून खारोड्या, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ न्यावं. मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. बाटलीबंद पाण्यावर पैसे घालवायचं कारण नाही, थंड नळाचं पाणी थेट प्यावं. गरम नळाला गंधकाचा वास आला तर घरमालकाकडे तक्रार करू नये. बऱ्याच ठिकाणी ते जमिनीतूनच तापून येतं.