इंजिन मागे, चालक पुढे

सुट्टीत मंडी मोहल्ल्यात घरी आलो की मी गॅरेजमध्ये रमतो. म्हणून ही एका गाडीची गोष्ट. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्त्यावरची पाव मैलाची, सुमारे ४०२ मीटरची शर्यत. पूर्वी या गाड्यांचे इंजिन बहुधा चालकाच्या पुढे असे. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात डॉन गार्लिट्सच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले, त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग तुटला. मग त्याने इंजिन मागे नेले. अशा गाड्या भरकटत, म्हणून स्टिअरिंगचा वेग कमी केला. त्याच्या या 'स्वॅम्प रॅट १४'ने १९७१ मध्ये पोमोनाची शर्यत जिंकली. पुढे इतरांनीही तीच रचना घेतली. ती गाडी आज त्याच्याच फ्लोरिडातील संग्रहालयात आहे. पडल्यावर उठावे, आणि का पडलो तेही शोधावे.