आवाज फुटायच्या वयात गाणं

जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. त्यांचे मनाचे श्लोक पाठ करण्याची पद्धत मराठी शाळांना नवी नाही. हे २०५ श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. एक लघु आणि दोन गुरू असा पाच मात्रांचा गट, असे चार गट मिळून एक ओळ. म्हणजे ओळीत वीस मात्रा, ना एक कमी, ना एक जास्त. आठवीच्या वर्गात शिक्षकाने प्रत्येक गटाच्या पहिल्या मात्रेवर टाळी द्यायला लावली आणि उरलेल्या चार बोटांवर मोजायला सांगितल्या, तर पाच-सात मिनिटांत अख्खा वर्ग एका लयीत येतो. मात्रा, सम, आवर्तन हे शब्द नंतर सांगितले तरी चालतात.

हे श्लोक शाळेत म्हटले जातात ते बहुधा पाठांतर म्हणून, नाहीतर संस्कार म्हणून. संगीताच्या खात्यात त्यांची नोंद होत नाही, कारण बहुतेक माध्यमिक शाळांत ते खातंच नसतं.

कागदावर मात्र संगीताला जागा आहे. पहिली ते आठवीला कलाशिक्षण हा विषय आहे. नववी-दहावीला ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हा श्रेणीचा विषय आहे. त्याची श्रेणी गुणपत्रिकेवर येते, टक्केवारीत धरली जात नाही. अकरावी-बारावीला कला शाखेत संगीत घेता येतं, पण ते शिकवणारं कनिष्ठ महाविद्यालय जवळपास असेल तर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात तर स्पष्ट लिहिलंय की सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील, तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. कलेचा निदेशक म्हटला की डोळ्यांसमोर चित्रकलेचे सर येतात आणि संगीत परिपाठापुरतं उरतं. राष्ट्रगीत, प्रार्थना आणि १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज लाभलेलं ते गीत मुलं रोज गातात. ते कोणत्या पट्टीत गायचं, हे मात्र ज्याचा आवाज मोठा तोच ठरवतो.

मग पालकांच्या तोंडी संगीत आलं कुठून? दहावीच्या वाढीव गुणांमुळे. शास्त्रीय गायन, वादन किंवा नृत्याच्या तीन वा पाच परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना, तसंच लोककला आणि चित्रकलेत प्रावीण्य असलेल्यांना दहावीत जादा गुण मिळू लागले. २०१७ च्या निकालात राज्यात १९३ विद्यार्थ्यांना शंभर टक्के मिळाले, त्यामागे कला-क्रीडेचे हे गुण होते. त्यावर बरीच टीकाही झाली.

या परीक्षांत सर्वाधिक परिचित आहेत त्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ठरलेली फी, वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा असं शाळेसारखं रूप त्यांनी गाण्याला दिलं. पुढे १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण या पहिल्या तीन पायऱ्या. मध्यमा प्रथम आणि मध्यमा पूर्ण धरल्या की पाच होतात. एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशी वर्षातून दोन सत्रं असली, तरी वरच्या पायरीला वर्षभराचा रियाज लागतोच. म्हणून पाच परीक्षा हव्या असतील तर पाचवी-सहावीत पेटी किंवा तबल्यापुढे बसावं लागतं. नववीच्या दिवाळीत ‘गुण मिळतील असं काहीतरी’ शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि ते बरंच आहे.

गुणांच्या आशेने गाण्याकडे वळणाऱ्यांना नावं ठेवण्याची फॅशन आहे. ती टीका अर्धीच खरी. मूल गुणांसाठी आलं तरी त्याला भूप शिकावाच लागतो: म आणि नी वगळून सा, रे, ग, प, ध एवढ्या पाचच स्वरांत. तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर धराव्या लागतात. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्या मात्रेला खाली. इतकं केलेल्यातली काही मुलं पुढेही गातात. खरी अडचण निराळी आहे. शिकवणीचा वर्ग असतो जालना शहरात, फार तर तालुक्याच्या गावी. मंठा किंवा जाफराबाद तालुक्यातल्या आडगावच्या मुलीला शेवटच्या एस.टी.चं वेळापत्रक पाहून गाणं शिकावं लागतं. शाळेतच तासिका असती, तर हा प्रश्न उरला नसता.

त्यातून माध्यमिक शाळेचं वय संगीतासाठी सर्वांत नाजूक. साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान मुलग्यांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही उतरतो, पण थोडासाच. काल काळी चारमध्ये खणखणीत प्रार्थना म्हणणारा मुलगा आज मध्येच घोगरा होतो, वर्ग हसतो आणि तो परत तोंड उघडत नाही. याला औषध सोपं आहे: पट्टी खाली आणायची, वरच्या सप्तकाचा हट्ट सोडायचा आणि काही महिने त्याच्या हाती टाळ किंवा तबला द्यायचा. पण हे कळणारं माणूस शाळेत हवं. ‘माझा आवाजच चांगला नाही’ असं आयुष्यभर सांगणाऱ्या कितीतरी पुरुषांचं गाणं याच वयात बंद पडलेलं असतं.

जालन्याला संगीताचं वावडं आहे, असं तर कुणी म्हणू नये. शेजारच्या देवगिरीत, यादव राजा सिंघणाच्या काळात, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. स्वरापासून नृत्यापर्यंत सात अध्यायांचा हा ग्रंथ लिहिणारा माणूस नोकरीने राज्याचा हिशेबनीस होता. गाण्याने अभ्यास बुडतो म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. अंबडला दत्तजयंतीच्या निमित्ताने शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो. आणि गावोगावच्या हरिनाम सप्ताहात आठवी-नववीची पोरं पखवाजाला कणीक लावून तो सुरात आणतात, रात्रभर कीर्तनाला साथ करतात. दुसऱ्या दिवशी शाळेत हीच पोरं मागच्या बाकावर पेंगतात, आणि त्यांना काही येतं हे शिक्षकांना ठाऊकही नसतं.

हंगेरीत झोल्तान कोदाय या संगीतकाराने मुलांजवळची नेमकी अशीच पुंजी वापरली. १९५० मध्ये त्याच्या जन्मगावी, केच्केमेटला, रोज गायनाचा तास असलेली शाळा सुरू झाली आणि धड्यांची सुरुवात झाली मुलांच्या ओळखीच्या लोकगीतांपासून. आपल्याकडे भारूड, गवळण, जात्यावरची ओवी, अभंग एवढं सगळं हाताशी आहे.

मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी जूनमध्ये वेळापत्रक लावताना आठवड्याला एक तासिका गाण्यासाठी राखून ठेवावी. एक पेटी, एक तबलाजोडी आणि गावातला एखादा जाणता भजनी एवढ्यावर सुरुवात होते. नववी ते बारावीच्या मुलांसाठी २०१५ पासून ‘कला उत्सव’ होतो, त्यात गायन-वादनाच्या स्पर्धा जिल्हा पातळीपासून असतात. तिथे नाव पाठवावं. आणि पालकांनी सहावीतल्या मुलाला वर्गाला घालताना गुण किती मिळतील हे शेवटी विचारावं. आधी विचारावं, आवाज फुटल्यावर तुम्ही त्याला कोणत्या पट्टीत गायला लावणार? याचं नीट उत्तर देणारा गुरुजी मिळाला, तर फी भरून टाकावी.