वाळवंटातली धूळ आणि मराठवाड्याचा पाऊस

मे संपत आला की नांदेड-लातूरकडे आभाळ निळं राहत नाही, पांढुरकं होतं. मावळता सूर्य टेकायच्या आधीच धुरकटात विरतो. जुनीजाणती माणसं म्हणतात, धुरळा लई झाला, आता पाऊस लांबणार. यात खरं किती?

आधी धूळ कोणती ते पाहू. नांगरून तापत ठेवलेल्या रानातला धुरळा जाड असतो. वावटळ निवली की तोही बराचसा खाली बसतो. दूर जाते ती वाळवंटातली बारीक धूळ. जोराच्या वाऱ्यात वाळूचे कण जमिनीलगत उड्या मारत जातात आणि जिथे आपटतात तिथली केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक माती उधळतात. तापलेली हवा ती काही किलोमीटर वर चढवते. जून-जुलैत इराक आणि आखातावरून ‘शमाल’ नावाचे वायव्येचे वारे वाहतात, ते ही धूळ अरबी समुद्रावर आणून सोडतात. तिथे ती कित्येक दिवस तरंगते. जानेवारी 2022 मध्ये अशाच धुळीने मुंबईतल्या गाड्यांवर पांढरी पूड बसली होती.

आता ढगात शिरू. हवेतल्या वाफेला पाणी होऊन बसायला कण लागतो. त्या कणावर वाढलेला ढगातला थेंब जेमतेम 0.02 मिलिमीटरचा असतो. पावसाचा थेंब साधारण 2 मिलिमीटरचा, म्हणजे असे दहा लाख थेंब एकवटले तेव्हा कुठे पावसाचा एक थेंब अंगावर पडायच्या लायकीचा होतो. ते एकवटतात एकमेकांवर आदळून. पण पंगतीत भाकरी तेवढीच आणि जेवणारे दुप्पट झाले तर प्रत्येकाच्या पानात अर्धीच येते. बारीक कण फार झाले की तसंच होतं. थेंब पुष्कळ, पण सगळे बारके. ते हवेबरोबर वाहतात, आदळत नाहीत आणि भरून आलेलं आभाळ न बरसताच पुढे सरकतं. डॅनियल रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये सहाराच्या धुळीत सापडलेल्या ढगांबद्दल हेच दाखवलं.

म्हणून धूळ पावसाची वैरी ठरते का? इतकं सरळ नाही. तीच धूळ समुद्रावरून येताना मिठाचा लेप घेऊन आली आणि कण जाड असले, तर त्यांवर मोठे थेंब लवकर तयार होतात, ते बारक्यांना गिळत खाली येतात आणि पाऊस सुरू होतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये सोलापूरकडे विमानातून कॅल्शियम क्लोराइड फवारून प्रयोग केले ते याच तत्त्वावर. योग्य ढग निवडून फवारलं तिथे पाऊस सरासरी 18 टक्के वाढला. ढगच नसतील तिथे मात्र हा उपाय बिनकामाचा, हे विसरू नये.

उंच ढगात धुळीचं आणखी एक काम आहे. पावसाळ्यात आपल्याकडे साधारण पाच किलोमीटरच्या वर शून्याखालचं तापमान असतं, तरी स्वच्छ पाण्याचे बारीक थेंब उणे 38 अंशांच्या आसपास जाईपर्यंत गोठत नाहीत. धुळीचा कण असेल तर उणे 15-20 लाच बर्फ धरतो. बर्फाचा कण आजूबाजूच्या थेंबांची वाफ ओढून झपाट्याने वाढतो, खाली येताना वितळतो आणि सरी येतात.

हे झालं ढगाच्या आतलं. खरी गंमत ढगाच्या बाहेर, हजार-दीड हजार किलोमीटर लांब आहे. व्ही. विनोज आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये उपग्रहाच्या नोंदी आणि संगणकी प्रतिमानं जुळवून दाखवलं की अरबी समुद्रावर धूळ वाढली की आठवडाभरात मध्य भारतात पाऊस वाढतो. धूळ ऊन शोषते, तिथली हवा तापून वर जाते, खालचा दाब उतरतो, आणि नैर्ऋत्येचे वारे जोर धरून समुद्राची ओल जमिनीकडे ओढतात.

म्हणजे एकच धूळ: ढगात पाऊस अडवू शकते, समुद्रावर त्याला वाट देऊ शकते. मराठवाडा त्या मध्य भारताच्या दक्षिण काठाला, शिवाय सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. इथल्या हंगामात बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा वाटा मोठा. पूर्वेकडचं नांदेड लातूरपेक्षा जास्त भिजतं ते त्यामुळेच. 2015 चा दुष्काळ, ज्यापायी एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो धुळीच्या माथी मारता येणार नाही. त्या वर्षी एल निनो जोरात होता. धुळीने पावसाचा खंड आठवड्याने मागेपुढे होईल, हंगाम ठरत नाही.

तेव्हा आभाळ पांढुरकं दिसलं म्हणून पेरणीचा बेत बदलू नका. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला धुळीच्या वर्षीही तसाच लागू आहे.