खारघरच्या हिरवळीवर पारोळ्याचा पाहुणा

धुळे-जळगाव रस्त्यावरील आमच्या पारोळ्यात, जेथे भुईकोट किल्ल्याच्या आसमंतात क्रिकेटवाचून दुसरा खेळ क्वचितच दृष्टीस पडतो, तेथील मनुष्याने गोल्फविषयी लिहावे हे कित्येकांस नवलाचे वाटेल. परंतु सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी उभारलेले मैदान शुल्क भरणाऱ्या पाहुण्यांसही खुले असल्याने माझी तेथे वर्णी लागली.

माझ्या फटक्यासरशी तळहाताएवढा गवताचा तुकडा मातीसकट उडाला, तेव्हा सोबतच्या कॅडीने तो उचलून आणला, जागी बसविला आणि पायाने हलकेच दाबला. हा या खेळाचा दस्तूरच आहे. खळीभोवतीच्या बारीक कातरलेल्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, चेंडू आदळून पडलेला खळगाही कडेची माती मध्याकडे ओढून ज्याचा त्याने बुजवावयाचा असतो, कारण अवघ्या सव्वाचार इंच व्यासाच्या खळीकडे निघालेला मागच्याचा चेंडू तेवढ्यानेही वाट चुकतो. मला तर फटक्यांहून ही निगराणीच अधिक भावली.

स्कॉटलंडातील सेंट अँड्रूजचे जगद्विख्यात मैदान, जेथे १७६४ साली २२ खळ्यांच्या १८ करण्यात आल्या, तेही खारघरप्रमाणेच सार्वजनिक असून रविवारी एरवी खेळ बंद ठेवून गावकऱ्यांस फिरावयास मोकळे सोडतात.

खारघरला खेळावयास जाणाऱ्यांनी वेळ आगाऊ मुक्रर करावी, पिशवीत १४ हून अधिक क्लब नेऊ नयेत, आणि मागील मंडळी खोळंबली असल्यास त्यांस निःसंकोच पुढे जाऊ द्यावे.