श्वासाची राखण

गिरगावात मावशीकडे गेले की शेजारच्या काकू हटकून विचारतात, "काय गं, अजून वाफच देतेस का?" चार वर्षे शिकले, परळच्या एका इस्पितळात दहा वर्षे काढली, तरी त्यांच्या लेखी मी वाफ देणारी! त्यांना दोष तरी कसा द्यावा? 'रेस्पिरेटरी थेरपिस्ट' हे नाव उच्चारतानाच माणसाला धाप लागते.

वाफ मी देते, हे खरेच. पण माझा बहुतेक दिवस अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरपाशी जातो. रोग्याच्या घशातली नळी मोकळी ठेवायची, कफ ओढून काढायचा, आणि यंत्राने दर श्वासाला किती हवा द्यावी याचा मेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने घालायचा. हवा जास्त झाली तर फुप्फुसांना इजा होते, कमी पडली तर रक्तात कार्बन डायॉक्साइड साठतो. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. यंत्रे अपुरी पडली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने रबरी पिशवी दाबून रोग्यांना श्वास पुरवला होता. आजचे यंत्र तेच करते. फक्त ते थकत नाही.

मात्र यंत्र लावण्यापेक्षा सोडवणे अवघड. इंग्रजीत या कामाला तान्ह्याचे दूध तोडण्याचाच शब्द आहे, आणि तो अगदी चपखल आहे.

लालबागचे एक आजोबा मला आठवतात. तरुणपणी ते गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापसाच्या धुळीने छाती आवळून यायची, त्यातही रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी अधिक. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात, परळच्याच के. ई. एम. मधील डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांत त्याचा अभ्यास केला होता. १९८२ च्या संपात आजोबांची गिरणी सुटली, धाप मात्र सुटली नाही.

न्यूमोनियाचे निमित्त झाले आणि ते व्हेंटिलेटरवर आले. "मशीनवर टाकलं म्हणजे संपलंच ना?" मुलाने विचारले. मी म्हटले, "नाही हो, सोडवण्यासाठीच लावलंय." चौथ्या दिवशी यंत्राचा आधार अगदी कमी करून अर्ध्या तासाची चाचणी घेतली. दहाव्या मिनिटालाच श्वास मिनिटाला ४० वर गेले, मानेच्या शिरा ताणल्या. पुन्हा आधार द्यावा लागला. चाचणीचा आग्रह मीच धरला होता. बाहेर सांगताना जीभ जड झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. मुलगा म्हणाला, "ताई, आता त्यांना त्रास देऊ नका." दादरला गाडीत बसले तरी ते शब्द कानांतून जाईनात.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "पुन्हा पाहू." श्वास २४ वर राहिले. अर्धा तास सरला, खोकल्यातही जोर होता. नळी काढली. ती स्वरतंतूंमधून जाते, म्हणून इतके दिवस बोलणे बंद होते. आजोबांनी घोगऱ्या आवाजात पहिले काय विचारले असेल? "आज वार कोणता?"

सोमवार होता. सांगायला मी जरा कचरलेच!

ज्यांच्या घरी बारावीतली मुले आहेत त्यांनी ध्यानात घ्यावे: भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घेऊन बारावी व्हावे, मग बी.एस्सी.चा अभ्यासक्रम. इंटर्नशिप धरून सुमारे चार वर्षे. प्रवेशापूर्वी मान्यता तपासावी आणि प्रत्यक्ष रोग्यांपाशी काम मिळते का, ते आवर्जून विचारावे. २०२१ साली संसदेने अशा व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यात आम्हालाही जागा मिळाली. मुलगी रात्रपाळीला घाबरत असेल तर मात्र आधीच विचार करा. दिवाळीत तर रजेचे नाव नको. फटाक्यांच्या धुराने दमेकरी हैराण होतात.

एका दिवाळीत काकूंनाच धाप लागली. घरी पंप होता, पण त्या तो आधी दाबत आणि श्वास मागाहून घेत. औषध सारे जिभेवर! मी शिकवले: पंप हलवा, श्वास सोडा, मग दाबता दाबताच सावकाश आत घ्या आणि दहा अंक मोजेपर्यंत रोखून धरा.

काकूंनी बोटांवर दहा मोजले आणि श्वास सोडताच विचारले, "एवढंच शिकायला चार वर्षं?"